कानाने जेवणारी माणसे

मराठीतले कोणतेही पाककृतींचे पुस्तक उघडा. डाळ किती वाट्या, गूळ किती, वेलदोडे किती, कढई मंद आचेवर किती वेळ ठेवायची, सारे तोलूनमापून सांगितलेले असते. आणि मग एका ओळीत लेखिकाबाई एकदम हात वर करतात. मीठ? चवीपुरते! आता ही चव कुणाची? बाईंची म्हणावी, तर त्या काही आपल्या स्वयंपाकघरात हजर नाहीत. आपली म्हणावी, तर मग इतका वेळ वाट्याचमचे मोजायला लावून आपल्याला राबवले कशाला? नव्यानेच चूल सांभाळू लागलेली मुलगी या शब्दापाशी हमखास अडते. आईला विचारते, शेजारच्या काकूंना विचारते, दुसरे पुस्तक काढून त्यात काय म्हटले आहे ते पाहते. पातेल्यातली पळीभर आमटी तळहातावर घेऊन चाटून पाहावी, हे मात्र तिला शेवटी सुचते. आणि चाटून पाहिल्यावरही ती म्हणते, “मला बरी लागतेय, पण बरोबर आहे का कोण जाणे!”

हे ‘कोण जाणे’ मोठे विलक्षण आहे. जीभ आपली, आमटी आपल्या घरची, खाणारे आपण. तरी निकाल मात्र दुसऱ्याने द्यावा असे आपल्याला वाटते. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये असे आपण सांगतो खरे. जेवणाच्या बाबतीत मात्र आपण पाणीच काय, आमटीसुद्धा दुसऱ्याच्याच ओंजळीने पितो.

या रोगाला दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका चिनी कवीने नाव देऊन ठेवले आहे. त्याने त्याला ‘कानाने जेवणे’ म्हटले. त्या कवीची आणि त्याच्या पुस्तकाची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

कवीचे नाव युआन मेई. जन्म १७१६ सालचा, हांगझौ शहरातला. घरची स्थिती बेताची, पण मुलगा हुशार. १७३९ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी, तो चिनी साम्राज्याची सगळ्यांत वरची परीक्षा उतरला. पुढे राजधानीत मोठ्या पंडितांच्या पंगतीला बसायचा, पण मांचू भाषेच्या परीक्षेत नापास झाला. राज्यकर्ते मांचू होते, तेव्हा ती भाषा येणे भागच होते. मग त्याची रवानगी प्रांतात झाली, तालुक्याचा न्यायाधीश म्हणून. कामात तो चोख होता असे म्हणतात, पण वरिष्ठांची मर्जी सांभाळत उन्हातान्हात उभे राहणे त्याला मानवले नाही. पस्तिशी गाठायच्या आतच त्याने नोकरी सोडली. मधे एकदा थोड्या दिवसांसाठी पुन्हा गेला, पण मन लागले नाही. नानकिंग शहराच्या कडेला एक पडीक बाग त्याने विकत घेतली होती, तिथे तो राहू लागला. बागेचे नाव सुइयुआन. तिथे बसून कविता कराव्यात, मोठ्या लोकांच्या मृत आप्तांसाठी समाधिलेख लिहून बरा पैसा मिळवावा, मित्रांना जेवायला बोलवावे, मुलींना कविता शिकवावी (यावरून त्याच्यावर सनातनी मंडळींनी पुष्कळ चिखल उडवला), असे त्याचे पुढचे सारे आयुष्य गेले.

कवितेविषयी त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते : जुन्या थोर कवींची नक्कल म्हणजे कविता नव्हे, आपल्या स्वतःच्या अंतःकरणात जे हलले ते शब्दांत आले पाहिजे. आणि हाच माणूस ७६ वर्षांचा असताना, १७९२ साली, स्वयंपाकावर पुस्तक काढतो. (आपल्याकडे त्याच वर्षी महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले होते. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगितले.) ‘सुइयुआन शीतान’ हे त्या पुस्तकाचे नाव, ‘सुइयुआन बागेतली खाण्याची टिपणे’ असा त्याचा अर्थ करायला हरकत नाही. तीनशेहून अधिक पदार्थ त्यात आहेत. पण पुस्तकाचे खरे वैभव सुरुवातीच्या दोन प्रकरणांत आहे. एकात स्वयंपाक्याने काय जाणून घ्यावे ते सांगितले आहे आणि दुसऱ्यात काय करू नये ते. दुसऱ्या प्रकरणात चौदा निषेध आहेत, आणि त्यातला एक निषेध कानाने जेवण्याचा.

कानाने जेवणे म्हणजे काय? तर पदार्थाचे नाव मोठे, भाव चढा, म्हणून तो पानात वाढायचा. आणि पाहुण्यांनीही तो नावासाठी वाखाणायचा. चीनमध्ये पाकोळीच्या घरट्याचा मोठा बडेजाव. ही पाकोळी समुद्रकाठच्या गुहांतून आपल्या लाळेने घरटे बांधते. ते घरटे गोळा करून, साफ करून, त्याचे सूप करतात. आपल्या वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जी खडकाळ बेटे आहेत, तिथेही या जातीच्या पाकोळ्यांची वस्ती आहे. त्यांची घरटी चोरीला जात म्हणून त्यांच्या रक्षणासाठी लोकांना खटपट करावी लागली. म्हणजे या वस्तूची किंमत कुठवर पोचली होती ते ध्यानात येईल.

तर युआन मेई एकदा एका सुभेदाराकडे जेवायला गेला. सुभेदारसाहेबांनी घंगाळाएवढ्या वाडग्यात नुसते पाण्यात उकडलेले घरटे समोर ठेवले. चार ल्यांग, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दीडशे ग्रॅम! चव? शून्य. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण सारे पाहुणे माना डोलावीत होते, वाहवा करीत होते. आमचे कविराज हसून म्हणाले की आपण इथे घरटे खायला जमलो आहोत, त्याचा व्यापार करायला नव्हे. आणि पुस्तकात तो पुढे म्हणतो की नुसती श्रीमंतीच दाखवायची होती, तर वाडग्यात शंभर मोती टाकून ठेवायचे. खाता येत नाहीत, एवढेच ना? हे तरी कुठे खाता येत होते!

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, नाहीतर आपण त्याच्यावर अन्याय करू. युआन मेईचे वैर घरट्याशी नव्हते. घरटे कसे करावे हे त्याने स्वतः सांगितले आहे. झऱ्याच्या पाण्यात भिजवावे, सुईने एक एक काळा तंतू वेचून काढावा, कोंबडीचा आणि चांगल्या हॅमचा निर्मळ रस घालून शिजवावे, हलक्या प्रकृतीचा पदार्थ आहे म्हणून तेलकट वस्तूंच्या संगतीला बसवू नये. तेव्हा श्रीमंती पदार्थाला नाके मुरडून गरिबीचे कौतुक करणाऱ्यांतला तो नव्हे. तेही शेवटी कानाने जेवणेच, नाही का? हल्ली पिठलंभाकरीचे नाव ऐकताच न चाखता ‘अहाहा’ म्हणणारी मंडळी आहेत. पिठले करपलेले असले तरी त्यांचे ‘अहाहा’ चालूच असते. युआन मेईचा हिशेब साधा होता. नीट जमलेले टोफू बेचव घरट्याहून कितीतरी वरचे. आणि नीट जमलेले घरटे असेल, तर मग पान पुढे करायला हरकत नाही. कोंबडी, डुक्कर, मासा, बदक यांना तो शूर वीर म्हणतो, कारण त्यांना स्वतःची चव आहे. घरटे आणि समुद्रकाकडी यांना तो म्हणतो परावलंबी, कारण दुसऱ्याच्या रसावर त्यांचा संसार.

कानाने जेवण्याच्या शेजारीच दुसरा निषेध आहे, डोळ्यांनी जेवण्याचा. एका व्यापाऱ्याने त्याला जेवायला बोलावले. तीनदा मेज बदलले. सोळा तऱ्हेची पक्वान्ने, एकूण पदार्थ चाळिसाच्या वर. यजमान खुशीत. युआन मेई घरी आला आणि पोटाची आग विझवायला पेज करून प्याला. तुम्ही हल्लीच्या एखाद्या मोठ्या लग्नाला गेला असाल, तर अधिक सांगत नाही.

आणि आग्रहावर तर तो असा तुटून पडला आहे की आपल्या पंगतीत कुठेतरी तो बसून गेला असावा असे वाटते. पाहुण्याच्या पानात बळेच ढीग घालणे त्याला मुळीच खपत नसे. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. पाहुणा काय लहान मूल आहे, की भुकेली नवी नवरी आहे, असे त्याचे विचारणे. त्यात त्याने एक गोष्ट सांगितली आहे. राजधानीत एक गृहस्थ होते. लोकांना जेवायला बोलावण्याचा भारी सोस, पण अन्न सुमार. एकदा एक पाहुणा त्यांना म्हणाला, “आपला माझा स्नेह आहे ना?” यजमान म्हणाले, “आहे तर!” तेव्हा पाहुण्याने गुडघे टेकले. एक मागणे आहे, ते कबूल केल्याशिवाय उठणार नाही म्हणाला. यजमान घाबरले, बरं बाबा, कबूल, सांग. मग त्याने मागणे सांगितले : यापुढे जेवायला बोलवाल, तेव्हा मला तेवढे वगळा!

हसू येते, पण त्या गुडघे टेकलेल्या माणसाचे मला कौतुकही वाटते. बाकीचे सारे वर्षानुवर्षे ‘छान, छान’ म्हणत ते सुमार अन्न गिळत होते. तोंडात एक आणि तोंडावर दुसरे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. युआन मेईने आधीच्या पाकग्रंथांचे काय केले? वाचले. नुसते वाचले नाहीत, करून पाहिले. चीनमध्ये त्या काळी खाण्यावरच्या लिखाणाची वाण नव्हती. चौदाव्या शतकात जमवलेल्या ‘शुओफू’ नावाच्या प्रचंड संग्रहात खाण्यापिण्यावरची तीसेक पुस्तके होती. त्याशिवाय सतराव्या शतकातले ली यू नावाचे नाटककार होते. त्यांचे खाण्यावरचे लेखन घरोघर वाचले जाई. हे ली यू खेकड्याचे इतके वेडे की हंगामाच्या आधीपासून खेकड्यांसाठी वेगळे पैसे साठवीत आणि त्याला ते ‘जीव वाचवायचे पैसे’ म्हणत. एवढ्या मोठ्यांची नावे. युआन मेईने त्यांच्या कृती चुलीवर चढवून पाहिल्या आणि निकाल दिला की बहुतेक साऱ्या नाकाला आणि जिभेला सारख्याच त्रासदायक. कुजक्या पंडितांनी मेजावर बसून रचलेल्या. आपल्या पुस्तकात त्यातले काही घेतले नाही, असे तो प्रस्तावनेतच सांगून टाकतो. ली यूंच्या मॅग्नोलियाच्या फुलांच्या केकला तर त्याने नाव घेऊन झोडपले आहे.

पण गंमत पाहा. खेकड्याचा विषय निघाला की युआन मेई काय सांगतो? खेकडा एकटाच खावा, त्यात दुसरे काही मिसळू नये, सोलायचा तोही ज्याचा त्याने. ली यूंचे म्हणणेही नेमके हेच होते! केक नापसंत म्हणून माणूस नापसंत, असे त्याने केले नाही. जिथे आपल्या जिभेने होकार दिला, तिथे होकार. एकाच लेखकाचे एक पान फाडावे आणि दुसरे जपून ठेवावे, हे वाचकाला जमले पाहिजे. आपल्याकडे मात्र एखाद्याला गुरू केले की त्याची सगळीच पाने गोड, आणि एकदा त्याच्यावरून मन उडाले की सगळीच कडू.

मग स्वतःच्या पुस्तकासाठी त्याने काय केले? त्याची रीत मला फार आवडते. कुणाकडे जेवायला गेला आणि एखादा पदार्थ मनापासून आवडला, की दुसऱ्या दिवशी आपल्या आचाऱ्याला त्या घरी पाठवायचे. तिथल्या चुलीपाशी शिष्य म्हणून उभे राहायचे, नमस्कार करून शिकायचे. अशी चाळीस वर्षे. आणि किती प्रामाणिकपणे तो सांगतो की काही पदार्थ पुरते साधले, काही दहात सहासात आणे, काहींचे दोनतीनच आणे हाती लागले आणि काही तर हरवूनच गेले. म्हणून पुस्तकात जागोजाग घराचे नाव आहे. अमक्या साहेबांकडचे टोफू, तमक्या सुभेदारांकडचे टोफू. वाङ् नावाच्या सुभेदारांच्या ‘अष्टरत्नी’ टोफूची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. मूळ कृती सम्राट कांगशीच्या मुदपाकखान्यातली. सम्राटाने खूश होऊन ती एका मंत्र्याला बक्षीस दिली. मंत्री कृती आणायला गेले, तर मुदपाकखान्याच्या लोकांनी एक हजार ल्यांग चांदी मागितली. बक्षीस सम्राटाचे, पण दस्तुरी मुदपाकखान्याची! वाङ् यांचे आजोबा त्या मंत्र्यांचे शिष्य, म्हणून कृती त्या घरात आली. एवढे झाल्यावर पदार्थ काय, तर टोफूचा चुरा, त्यात अळंबी, चिलगोजे, बिया, कोंबडी आणि हॅम बारीक करून घातलेले, कोंबडीच्या रसात शिजवलेले. चमच्याने खायचे.

आणखी एका टोफूसाठी तर त्याने स्वतः तीन वेळा वाकून नमस्कार घातला. चियांग नावाच्या अधिकाऱ्याने भरल्या मेजवानीत विचारले, माझ्या हातचे टोफू खाल्ले आहे का? नाही म्हणताच ते उठले, कमरेला फडके बांधून स्वयंपाकघरात गेले आणि बऱ्याच वेळाने पदार्थ घेऊन आले. तो चाखल्यावर मेजावरचे बाकीचे सारे फिके पडले. युआन मेईने कृती मागितली. चियांग म्हणाले, तीन नमस्कार घाला. याने घातले. सुभेदारापुढे घरट्याची थट्टा करणारा हा माणूस टोफूपुढे तीनदा वाकतो. तिथे जीभ खरी होती, इथेही खरी होती.

आता तुम्ही म्हणाल, इतरांची पाकपुस्तके टाकाऊ म्हणणाऱ्याने स्वतः पुस्तक कशाला लिहिले? त्याच्या पुस्तकावर तरी विश्वास का ठेवायचा? ही शंका त्यालाही आली होती. प्रस्तावनेच्या शेवटी त्याने तिला तोंड दिले आहे. साऱ्या जगाच्या जिभा माझ्यासारख्या करणे मला शक्य नाही, पण मला जे गोड लागले ते इतरांपुढे ठेवतो, असा त्याचा रोख आहे. पानात वाढतो; खायचे की नाही ते तुम्ही ठरवा. आग्रह नाही.

आणि चिनी लोकांनी तसेच केले. शेगडीवर उकळत्या रश्शाचे भांडे मधोमध ठेवून त्यात आपापले जिन्नस बुडवून खायची त्यांची एक जुनी रीत आहे, हॉटपॉट म्हणतात ती. युआन मेईला तिचा मनस्वी तिटकारा. गडबड फार, शिवाय प्रत्येक जिन्नसाची आच वेगळी, मग सगळ्यांना एकाच उकळीत का घालायचे? कुणी म्हणाले, पण अन्न गरम राहते ना! याचे उत्तर तयार : कढईतून उतरलेले अन्न चांगले असेल तर ते गार होईपर्यंत पानात राहीलच कसे? उत्तर बिनतोड आहे. तरी चीनमध्ये हॉटपॉट आजही घरोघर आणि रस्तोरस्ती उकळते आहे. लोकांनी युआन मेईचे पुस्तक डोक्यावर घेतले आणि हॉटपॉटपुरते त्याला बाजूला ठेवले. या पुस्तकाचा याहून चांगला वाचक कोणता असणार?

पण मग लेखक आपल्याला देतो तरी काय? मला वाटते, तो शब्द देतो. युआन मेई एके ठिकाणी सांगतो की चव भरदार असावी पण ओशट नसावी, निर्मळ असावी पण पांचट नसावी. हे वाचण्याआधी मी एखाद्या रश्शाला नुसता ‘जड’ म्हणून मोकळा होत असे. वाचल्यावर घास तोंडात थांबू लागला. हा भरदार की ओशट? आपल्या भाषेत या शब्दांची काय कमी आहे! मीठ नसले तर अळणी, पाणी फार झाले तर पांचट, तिखट कमी तर मिळमिळीत, कशाचाच जोर नाही तर सपक. भाजणे साधले तर खमंग, थोडे पुढे गेले तर खरपूस, आणि लक्ष नसले तर करपट. आपल्या आज्यांनी हे शब्द पुस्तकातून घेतले नव्हते. पण त्यांच्या तोंडून ते ऐकत आपण जेवलो, म्हणून आपल्याला चवी वेगळ्या ओळखू येतात. चांगला लेखक हेच काम लांबून करतो. जीभ काही तो देऊ शकत नाही.

याच सुमारास युरोपात निराळी वाट फुटत होती. पॅरिसमध्ये ग्रिमो द ला रेनिएर या गृहस्थाने १८०३ पासून खवय्यांसाठी एक वार्षिक काढायला सुरुवात केली. १८१२ पर्यंत त्याचे आठ खंड निघाले. कोणत्या दुकानातली मिठाई चांगली, कोणाचे मांस ताजे, हे तो छापून सांगे. त्याचे एक परीक्षक मंडळ होते. दुकानदारांनी नमुने पाठवायचे, मंडळाने खायचे आणि निकाल छापायचा. शहर मोठे झाले, हजार दुकाने झाली, ओळखीची आत्या-मावशी सांगायला राहिली नाही, की असा कुणीतरी लागतोच. ते मी नाकारत नाही. पण फुकट आलेल्या पेस्ट्रीचा निकाल देणारी जीभ आणि तीन नमस्कार घालून टोफू मिळवणारी जीभ, या दोघींत मी दुसरीचे ऐकेन.

एवढे सांगून झाल्यावर युआन मेई म्हणजे आपलेच खरे करणारा हट्टी म्हातारा, असे चित्र तुमच्यापुढे उभे राहिले असेल. ते पुसायला हवे. हांगझौ त्याचे जन्मगाव. तिथला लुंगचिंग चहा जगात उत्तम असे तो मानीत आला. दक्षिणेकडच्या वूयी डोंगरातला चहा त्याला कधीच आवडला नाही. काळा, कडू, काढा प्यायल्यासारखा. १७८६ च्या शरद ऋतूत, सत्तराव्या वर्षी, तो त्या डोंगरावर हिंडायला गेला. तिथल्या मठातल्या भिक्षूंनी चहा पुढे केला. पेले अक्रोडाएवढे, किटली महाळुंगाएवढी. एका घोटाचाही ऐवज नाही, तेव्हा घटाघटा पिणे शक्यच नव्हते. आधी वास घेतला, मग जिभेवर थेंब थेंब फिरवला. एक पेला, दुसरा पेला. आणि सत्तर वर्षांचे मत त्या डोंगरावर बदलले. लुंगचिंग निर्मळ खरा, पण जरा पातळच, असे त्याने लिहून ठेवले. आणि स्वतःच्या गावच्या चहाबद्दल लिहून ठेवले, हे विसरू नका.

त्या चहाची कीर्ती काय त्याच्या कानावर आली नव्हती? आली होतीच. पण कीर्तीने त्याचे मत हलवले नाही. एका छोट्या पेल्याने हलवले. आपण नेमके उलटे करतो. लोक म्हणतात म्हणून मत बदलतो, किंवा एकदा बोललो म्हणून मरेपर्यंत तेच धरून बसतो. लहानपणी कारले कडू लागले म्हणून पन्नाशीतही ताटाबाहेर ठेवणारे किती जण आहेत! पुन्हा चाखून पाहिले असते तर कदाचित नसतेही आवडले. पण ते निदान आजचे मत झाले असते.

आणि आता त्या माणसाविषयी सांगायला हवे, ज्याच्याशिवाय हे सारे बोलणे हवेत राहिले असते. युआन मेईचा आचारी वाङ् शियाओयू. तो गेल्यावर युआन मेईने त्याचे चरित्र लिहिले. राजे, सेनापती आणि पतिव्रता यांची चरित्रे लिहायची त्या काळी पद्धत. आचाऱ्याचे चरित्र लिहिणे हेच मुळी नवल. शियाओयू कामावर आला तेव्हा युआन मेई मनातून धास्तावला होता. एवढा कसबी आचारी, खर्चात बुडवणार! त्याने आधीच सांगून टाकले, बाबा रे, मी गरिबाघरचा मुलगा, जेवणावर फार पैसे जायला नकोत. शियाओयू हसून ‘बरं’ म्हणाला आणि थोड्या वेळाने त्याने एक साधे नितळ सूप आणून ठेवले. युआन मेई ते पीतच राहिला, पोट भरेपर्यंत. सामान शियाओयू स्वतः बाजारातून पारखून आणी. कढईपाशी उभा राहिला की डोळ्याचे पाते लवत नसे. खाणाऱ्याची जीभ थकली आहे असे दिसले तर तिखटाने तिला जागे करायचे, पोट भरत आले तर आंबट पुढे करायचे, हे त्याचे शास्त्र.

एकदा कुणीतरी त्याला विचारले, तुझ्यासारख्याने मोठ्या धनिकाघरी जावे, या कवीच्या बागेत म्हातारा होत कशाला बसलास? त्याने दिलेल्या उत्तराचा भावार्थ असा : आपल्याला जाणणारा मिळणे कठीण, चव जाणणारा मिळणे त्याहून कठीण. मी जीव ओतून रांधतो. धनिकांकडे नुसती वाहवा होते, आणि त्या वाहवेने माझा हात दिवसेंदिवस बिघडतो. इथे मालक मला रागावतात, चुका काढतात. पण ज्या चुका मला आतून डाचत होत्या नेमक्या त्याच काढतात. त्या गोड वाहवेपेक्षा मला हे रागावणे गोड.

हे वाचताना मला ते सुभेदाराचे घर आठवते. घंगाळाएवढ्या वाडग्यापुढे माना डोलावणारे सारे पाहुणे. त्यांनी स्वतःला फसवले, इतकेच आपण म्हणतो. पण त्या घरीही एक आचारी असेलच. मुदपाकखान्याच्या दाराआडून तो ती वाहवा ऐकत असेल. आपण नुसते पाण्यात उकडले आहे हे त्याला ठाऊक असणारच. त्याने दुसऱ्या दिवशी काय केले असेल? आपण न चाखता ‘छान’ म्हणतो, तेव्हा तो शब्द कुणाच्या तरी हातावर पडत असतो.

शियाओयू बागेत आल्यापासून दहा वर्षांच्या आत गेला. पुढे जेवायला बसले की आपल्याला रडू येई, असे युआन मेईने लिहिले आहे.

ती बाग आज नाही. १८५३ साली ताइपिंग बंडखोरांनी नानकिंग घेतले, त्या धामधुमीत ती नाहीशी झाली. पुस्तक मात्र राहिले. आर्थर वेली यांनी १९५६ साली युआन मेईचे चरित्र इंग्रजीत लिहिले, तेव्हापासून चीनबाहेरही त्याचे नाव पोचले. पाकपुस्तकाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर व्हायला २०१८ साल उजाडले.

चियांगसाहेबांचे ते तीन नमस्कारांचे टोफू मी घरी करून पाहिले. टोफू आता आपल्याकडे दुकानांतून मिळते. दोन्ही बाजूंची साल काढायची आणि एका वडीच्या सोळा चकत्या करायच्या, त्या केल्या. डुकराची चरबी आमच्या घरात चालण्यासारखी नव्हती, तिथे तेल वापरले. मद्याचीही गाळणी झाली. पण सुकी कोलंबी पाहिजे होती, ती मालवणच्या पाहुण्यांनी दिलेले सोडे घरात होते म्हणून साधली. पुस्तकात लिहिले आहे, मोठे असतील तर एकशेवीस घ्यावेत आणि बारीक असतील तर तीनशे. मी ताटात ओतून एकशेवीस मोजायला बसलो, तेव्हा घरातल्या मंडळींची हसून मुरकुंडी वळली. मीठ मात्र तिथेही चिमूटभरच सांगितले आहे, चिमूट कुणाची ते नाही.

आईने एक चकती तोंडात टाकली, डोळे मिटून चावली आणि म्हणाली, “बरं झालंय. पण आलं हवं होतं रे. तुझ्या त्या चिनी बुवाला आलं मिळत नव्हतं का?”

मिळत होते, त्याच्या इतर कृतींत ते आहे. या कृतीत मात्र नाही. पुढच्या वेळी मी घातले.